कॅरल बर्नेटची शुक्रवारची नाटक कंपनी

नोव्हेंबर १९७६. ‘गॉन विथ द विंड’ हा १९३९ सालचा भव्य चित्रपट अमेरिकेत पहिल्यांदाच टीव्ही नेटवर्कवर दाखवला गेला. ७ आणि ८ नोव्हेंबर अशा दोन रात्रींत तो विभागला होता आणि टीव्ही असलेल्या घरांपैकी जवळजवळ निम्म्या घरांनी तो पाहिला. लोक अजून स्कार्लेट ओहारा आणि तिच्या ‘टारा’ वाड्याबद्दल बोलत होते, तेवढ्यात १३ तारखेच्या शनिवारी रात्री दुसऱ्या वाहिनीवर त्याच चित्रपटाचं विडंबन झळकलं. वाड्याचं नाव ‘टेरा’, नायिका स्टारलेट ओहारा, नायक कॅप्टन रॅट बटलर.

मूळ चित्रपटात युद्धानं कफल्लक झालेल्या स्कार्लेटला पैसे मागायला जायचं असतं आणि अंगावर घालायला धड कपडा नसतो. ती घरातल्या हिरव्या मखमली पडद्यांचा झगा शिवून घेते. विडंबनातली स्टारलेटही पडदे ओढून काढते आणि जिन्यावरून वर पळते. थोड्या वेळानं ती दिमाखात खाली उतरते. अंगावर तोच हिरवा पडदा, कमरेला सोनेरी गोंड्यांची दोरी, आणि पडद्याचा आख्खा दांडा तसाच खांद्यांवर आडवा! स्टुडिओतला हशा थांबतच नाही. जिन्यावर उभी असलेली बाई मात्र ढिम्म. मान ताठ, चेहऱ्यावर खानदानी बाईचा तोरा. रॅट बटलर झग्याचं कौतुक करतो, तेव्हा ती अगदी सहज सांगून टाकते की खिडकीत दिसला आणि मोह आवरला नाही.

ती बाई म्हणजे कॅरल बर्नेट. त्या झग्याची जन्मकथा कळली की मला त्या दृश्याचं आणखीच अप्रूप वाटतं. रिक हॉकिन्स आणि लिझ सेज या दोन तरुण लेखकांच्या संहितेत पडदा नायिकेनं अंगाभोवती कसाबसा गुंडाळलेला होता. दांड्याची कल्पना वेशभूषाकार बॉब मॅकी यांची. अमेरिकन टीव्हीवरचा सर्वांत गाजलेला एक हशा शिंप्याच्या टेबलावर तयार झाला, आणि कॅरलनं तो संहितेतल्या विनोदापेक्षा मोठा आहे हे पाहताक्षणी ओळखलं. तो झगा आज वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

‘द कॅरल बर्नेट शो’ ११ सप्टेंबर १९६७ रोजी सीबीएस वाहिनीवर सुरू झाला आणि २९ मार्च १९७८ रोजी संपला. अकरा हंगाम, २७९ भाग, पंचवीस एमी पुरस्कार. तासाभराच्या कार्यक्रमात गाणी, नाच, पाहुणे कलाकार आणि या सगळ्यांच्या मधे प्रहसनं. आज आपण टीव्हीवर ज्याला स्किट म्हणतो तेच, पण साऱ्या डामडौलासह: मोठा वाद्यवृंद, बारा नर्तकांचा ताफा, आणि मॅकींच्या कारखान्यातून दर आठवड्याला निघणारे पन्नास-साठ पोशाख. कॅमेरे होते म्हणून याला टीव्ही म्हणायचं. माझ्या मते कॅरलनं तिथे थाटली होती ती नाटक कंपनी. एक पक्का संच, दर आठवड्याला नवं नाटक, समोर खरे प्रेक्षक. हे ध्यानात घेतलं की तिच्या कामातल्या पुष्कळ गोष्टी उलगडत जातात.

तो कार्यक्रम मिळाला कसा, ही हकीकत एखाद्या प्रहसनात शोभेल अशी आहे. १९५९ ते १९६२ या काळात कॅरल ‘द गॅरी मूर शो’मध्ये काम करत होती. तिथे गाजल्यावर सीबीएसनं तिच्याशी दहा वर्षांचा करार केला. त्यात एक विलक्षण कलम होतं: पहिल्या पाच वर्षांत कॅरलनं मागणी केली, तर वाहिनीनं तिला तासाभराचे तीस कार्यक्रम द्यायचेच. कार्यक्रम केले नाहीत तरी पैसे मोजायचेच. पाच वर्षं सरत आली. १९६६ सालचा नाताळ उलटला होता. कॅरल आणि तिचे पती, निर्माते जो हॅमिल्टन, यांनी नुकतंच घर घेतलं होतं, बसायला खुर्च्याही आल्या नव्हत्या, सामानाच्या खोक्यांवर बसून दोघं हिशेब करत होती. हाताशी काम नव्हतं. कलमाची मुदत संपायला शेवटचा आठवडा उरला असताना कॅरलनं फोन उचलला.

पलीकडच्या अधिकाऱ्याला ते कलम आठवतही नव्हतं. रातोरात वकिलांना बोलावून करार तपासला गेला. मग अधिकाऱ्यानं तिची समजूत घालायला सुरुवात केली. विनोदी व्हरायटी शो हा पुरुषांचा प्रांत आहे, असं त्याचं म्हणणं. सिड सीझर, जॅकी ग्लीसन, मिल्टन बर्ल, डीन मार्टिन अशी नावं त्यानं मोजून दाखवली. तुझ्यासाठी आमच्याकडे एक छानशी घरगुती मालिका आहे, ‘हिअर्ज ॲग्नेस’, ती कर. कॅरलनं नकार दिला. तिला दर आठवड्याला एकच बाई व्हायचं नव्हतं. तिला संगीत हवं होतं, नर्तक हवे होते, पाहुणे हवे होते आणि कायमचा संच हवा होता. करार तिच्या बाजूनं होता, म्हणून वाहिनीला मान तुकवावी लागली. आपल्याच सहीच्या कागदानं बांधलेल्या लोकांनी नाखुशीनं दिलेले ते तीस तास अकरा वर्षं चालले.

तिच्याआधी कुणी बाई या वाटेवर आलीच नव्हती असं मुळीच नाही. १९५०च्या दशकात ‘युअर शो ऑफ शोज’मध्ये सिड सीझरच्या जोडीला इमोजिन कोका होती, आणि तिचा नि:शब्द अभिनय पाहून आजही थक्क व्हायला होतं. कोकाला पुढे स्वतःच्या नावाचा कार्यक्रम मिळाला, पण तो फार टिकला नाही. मार्था रे हिनंही स्वतःचा शो करून पाहिला. गायिका डायना शोअर लोकप्रिय होती, पण तिच्या कार्यक्रमाचा मुख्य भर गाण्यावर. प्रहसनाच्या मांडवात मधोमध उभी राहून, मालकीणही आपणच आणि मुख्य विदूषकही आपणच, असं एखाद्या बाईनं दशकभर निभावणं अमेरिकन टीव्हीनं त्याआधी पाहिलं नव्हतं.

कॅरलचा जन्म २६ एप्रिल १९३३चा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचा. आई-वडील दोघंही दारूच्या आहारी गेलेले. तिला वाढवलं आजीनं, ती आजीला ‘नॅनी’ म्हणायची. दोघी हॉलीवूडमध्ये एका खोलीत राहायच्या. हॉलीवूड म्हणताच डोळ्यांसमोर येणाऱ्या बंगल्यांपासून ती खोली फार दूर होती. सरकारी मदतीवर घर चालायचं. पण चित्रपटगृहं मात्र हाकेच्या अंतरावर. त्या काळी एका तिकिटात दोन चित्रपट बघायला मिळत, आणि आजी-नात आठवड्याला सहासहा, आठआठ चित्रपट बघून येत. घरी परतल्यावर कॅरल आणि तिची नात्यातली एक बहीण सगळी गोष्ट पुन्हा करून बघायच्या. बहीण दिसायला देखणी, त्यामुळे नायिका ती. कॅरलच्या वाट्याला टारझन. मोठेपणी प्रेक्षकांच्या आग्रहावरून ती जी टारझनची आरोळी ठोकायची, ती तिनं या खेळात कमावलेली.

तिची विडंबनं इतकी बिनचूक का असायची, याचं उत्तर मला इथे सापडतं. ‘सनसेट बुलेव्हार्ड’मधल्या उतरत्या वयाच्या मूकपटनायिकेवरून तिनं नोरा डेझमंड उभी केली. ‘मिल्ड्रेड पिअर्स’चं ‘मिल्ड्रेड फिअर्स’ केलं, ‘रिबेका’चं ‘रिबेकी’. प्रत्येक ठिकाणी कॅमेऱ्याचा कोन, दिव्यांची सावली, नायिकेचा श्वास घेण्याचा ढंग, सगळं जसंच्या तसं. या चित्रपटांवर ती जीव टाकत होती आणि ते तिला तोंडपाठ होते. म्हणून ती टिंगल कुणाला बोचायची नाही. रिटा हेवर्थच्या ‘गिल्डा’चं विडंबन झालं तेव्हा खुद्द हेवर्थला ते आवडलं आणि पुढे ती पाहुणी म्हणून कार्यक्रमात आली. नोरा डेझमंड पाहून मूळ भूमिका करणारी ग्लोरिया स्वॉन्सनही आली. ज्यांची नक्कल केली त्यांनी हौसेनं त्याच रंगमंचावर यावं, नक्कल करणाऱ्याला याहून मोठी दाद कोणती?

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएत, शिकायचं तर फी चाळीस-बेचाळीस डॉलर होती. घरात तेवढे पैसे नव्हते. एक दिवस त्यांच्या टपालपेटीत एक पाकीट निघालं, आत पन्नास डॉलर. कुणी ठेवले हे कधीच कळलं नाही. पुढे १९५४ साली एका मेजवानीत तिनं आणि तिच्या मित्रानं संगीतिकेतला एक प्रवेश सादर केला. पाहुण्यांपैकी एक धनिक गृहस्थ भारावून गेले आणि न्यूयॉर्कला जाऊन नशीब काढण्यासाठी त्यांनी दोघांना प्रत्येकी एक हजार डॉलर बिनव्याजी दिले. अटी अशा: पाच वर्षांत परत करायचे, माझं नाव कुणाला सांगायचं नाही, आणि यश मिळालं तर पुढे दुसऱ्यांना हात द्यायचा. कॅरलनं मुदतीत पैसे फेडले. नाव तिनं कधीच उघड केलं नाही.

न्यूयॉर्कला ती ‘रिहर्सल क्लब’ नावाच्या वसतिगृहात राहिली. रंगभूमीवर येऊ पाहणाऱ्या मुलींचं हे घर. तिथे प्रत्येकीचं दुखणं एकच. एजंट म्हणायचा, तुझं काम कुठे चालू असलं की कळव, मी बघायला येईन. आणि एजंटाशिवाय काम मिळायचं नाही. कॅरलनं सगळ्या मुलींना गोळा केलं, सभागृह भाड्यानं घेतलं, स्वतःचाच कार्यक्रम बसवला आणि शहरभरच्या एजंटांना पत्रं धाडली: आता आमचं काम चालू आहे, या बघायला. १९५५ साली झालेल्या त्या प्रयोगामुळे तिला पहिला एजंट मिळाला. एकवीस वर्षांची मुलगी हक्काचा रंगमंच नाही म्हणून रडत बसली नाही, तिनं तो भाड्यानं घेतला. जवळजवळ बारा वर्षांनी सीबीएसला फोन करणारी बाई हीच.

१९५९ साली ‘वन्स अपॉन अ मॅट्रेस’ या संगीतिकेतली राजकन्या विनिफ्रेड तिनं रंगवली आणि नाव झालं. प्रयोग बघायला ल्युसिल बॉल आली होती, अमेरिकेची सर्वांत लाडकी विनोदी नटी. कधी गरज पडली तर हाक मार, असं ती कॅरलला सांगून गेली. १९६६ साली कॅरलच्या एका खास कार्यक्रमाला मोठं नाव हवं होतं. कॅरलनं चाचरत फोन केला आणि ल्युसी लगेच हजर झाली. दर वाढदिवसाला ती कॅरलला फुलं पाठवायची. २६ एप्रिल १९८९च्या सकाळी ल्युसीच्या निधनाची बातमी आली. दुपारी तिची फुलं आली.

आता शीर्षकातल्या त्या शुक्रवारांकडे येऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे.

हॉलीवूडमधल्या सीबीएस टेलिव्हिजन सिटीच्या स्टुडिओ ३३मध्ये दर शुक्रवारी एकाच भागाचे दोन प्रयोग व्हायचे, दोन वेगळ्या प्रेक्षकांसमोर. संध्याकाळचा पहिला प्रयोग म्हणजे रंगीत तालीम, पण तीही चित्रित व्हायची. मधल्या वेळात जी वाक्यं पडली ती काढायची, जिथे हशा अनपेक्षित आला तिथे पॉझ वाढवायचा. मग रात्रीचा दुसरा प्रयोग. नंतर दोन्हींतलं उत्तम ते निवडून जोडायचं. प्रहसन चालू असताना थांबणं शक्यतो नाही. दार अडकलं, मिशी निसटली, तरी पुढे जायचं. कॅरलचा आग्रह असा की स्टुडिओत बसलेल्या माणसाला नाटक पाहिल्यासारखं वाटलं पाहिजे. तो ताटकळला, तर हशा विझतो.

या दोन प्रयोगांच्या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा घेतला टिम कॉनवे यानं. आधी तो अधूनमधून पाहुणा म्हणून यायचा, १९७५पासून संचात कायमचा आला. पहिल्या प्रयोगात तो संहितेप्रमाणे काम करायचा. दिग्दर्शकाला सगळं नीट मिळालं याची खात्री झाली, की दुसऱ्या प्रयोगात मोकळा सुटायचा. आपल्याकडचे नट ज्याला ॲडिशन घेणं म्हणतात, त्याचा हा सम्राट. सहकाऱ्यांना काडीमात्र कल्पना नसायची. दंतवैद्याचं प्रहसन बघा. नवशिका डॉक्टर रुग्णाऐवजी स्वतःच्याच हाताला बधिरतेची सुई टोचून घेतो. मग पायाला. रुग्णाच्या खुर्चीत संचातलाच हार्वी कोरमन, आणि तो हसू दाबायचा जो आटापिटा करतो, तो पाहताना आपलं काय होतं हे सांगायला नको. कोरमनसारखा कसलेला नट फुटतो, खांदे गदगदतात, तोंड फिरवावं लागतं. पण कॉनवेचा बधिर झालेला हात पूर्ण गांभीर्यानं लोंबकळत राहतो.

प्रहसनात नटानं हसणं हा खरा दोष. आज कित्येक कार्यक्रमांत मुद्दाम हसण्याची टूम निघाली आहे आणि ती मला अजिबात रुचत नाही. कोरमनचं हसणं आपण माफ करतो, कारण तो शेवटच्या क्षणापर्यंत न हसण्यासाठी लढत असतो. त्या लढाईत आपणही त्याच्या बाजूनं असतो आणि आपणही हरतो.

संचातली विकी लॉरेन्स कशी आली तेही ऐकण्यासारखं आहे. शाळकरी विकीनं कॅरलला पत्र लिहिलं: लोक म्हणतात मी तुमच्यासारखी दिसते. सोबत वर्तमानपत्रातलं कात्रण, अग्निशमन दलाच्या सौंदर्यस्पर्धेत तिनं भाग घेतल्याचं. कॅरलनं टेलिफोनच्या पुस्तकात विकीच्या वडिलांचा नंबर शोधून थेट फोन केला आणि दिवस भरत आलेले असताना ती स्पर्धा बघायला गेली. पुढे शो ठरला तेव्हा तिनं त्या मुलीला बोलावून घेतलं. पहिला भाग झाला तेव्हा विकी अठरा वर्षांची होती, अनुभव जवळजवळ शून्य. हार्वी कोरमननं तिला हळूहळू सगळं शिकवलं: टायमिंग, बोलीचे हेल, वस्तू हाताळणं. नाटक कंपनीत मुलं अशीच तयार होतात.

पोशाखातून पात्र कसं जन्मतं याचं दुसरं उदाहरण म्हणजे मिसेस विगिन्स, जगातली सर्वांत निरुपयोगी सेक्रेटरी. लेखकांच्या मनात ती म्हातारी होती. मॅकी म्हणाले, म्हाताऱ्या फार झाल्या, आपण हिला तरुण करू, सोनेरी केस, उंच टाचा, घट्ट काळा स्कर्ट. स्कर्ट मागच्या बाजूला ढगळ झाला. कॅरल म्हणाली, आवळून द्या. मॅकींनी सांगितलं, नको, तूच मागे रेलून ती जागा भरून काढ. तिनं तसं केलं, गुडघे वाकले, कंबर मागे गेली, पावलं आखूड झाली आणि मिसेस विगिन्सची ती सुप्रसिद्ध चाल तयार झाली. कपड्यातला दोष तिनं शरीरात घेतला. नटाला काही शिकायचं असेल तर ही एवढी गोष्ट पुरे आहे.

मालकीण म्हणून ती कशी होती? संहिता कच्ची असली की पुरुष मालक लेखकांना फैलावर घेत. कॅरल सांगायची, मला हे नीट जमत नाहीये, जरा मदत कराल का? दोष स्वतःकडे घेऊन ती दुरुस्ती करून घ्यायची. त्या काळात बाईनं आवाज चढवला की तिला लगेच कजाग ठरवलं जायचं, हे तिला माहीत होतं. तिला ही युक्ती करावी लागली याचं मला वाईट वाटतं, आणि युक्ती चालली याचं कौतुकही. सहकाऱ्यांना उत्तम वाक्यं देण्यात तर तिचा हात कुणी धरणार नाही. कितीतरी प्रहसनांत हशा कॉनवे आणि कोरमन घेऊन जातात आणि शोवर जिचं नाव आहे ती बाजूला उभी राहून तो हशा वाढवते.

या सगळ्याचा कळस मात्र ‘द फॅमिली’ या प्रहसनमालेत आहे. १९७४ साली ती सुरू झाली. युनिस नावाची त्रासलेली विवाहिता, तिची टोचून बोलणारी आई आणि कशातच न पडणारा नवरा एड. लेखक डिक क्लेअर आणि जेना मॅकमहन यांना वाटत होतं की कॅरल आई करेल. कॅरल म्हणाली, मी युनिस. आईची भूमिका तिनं दिली विकीला, जी तिच्याहून सोळा वर्षांनी लहान होती! शिवाय सगळ्यांना टेक्सासकडची बोली दिली, तिच्या आईच्या घरी कानावर पडलेली. लेखक आधी चिडले, मग त्यांना पटलं.

या प्रहसनांत कोट्या जवळजवळ नाहीतच. एखादा पत्त्यांचा किंवा शब्दांचा खेळ चालू होतो आणि दहा मिनिटांत तीस वर्षांची भांडणं टेबलावर येतात. एकदा या मंडळींनी तालमीत एक प्रहसन गंभीर नाटक म्हणून करून पाहिलं, आवाज न चढवता, विनोदाचा मारा न करता. ते इतकं दुःखद निघालं की सगळे सुन्न झाले. शब्द तेच होते. फक्त वेग आणि उंची बदलली होती. विनोद आणि शोकांतिका यांच्यातलं अंतर किती कमी असतं यावर ग्रंथ लिहिले गेलेत, पण त्या तालमीइतका स्वच्छ पुरावा मी दुसरा ऐकला नाही.

या मालेतल्याच एका भागात टिम कॉनवे एका हत्तीची गोष्ट सांगायला लागतो. संहितेत तिचा पत्ता नाही. पहिल्या प्रयोगात एक गोष्ट, दुसऱ्यात आणखी लांब आणि आणखी अचाट. कॅरल तोंड लपवते, सहकलाकार डिक व्हॅन डाइक कोलमडतो. सगळं संपल्यावर विकी, आईच्या भूमिकेतून जराही न ढळता, एकच शिवराळ वाक्य टाकते आणि कॉनवे स्वतः खाली कोसळतो. गप्प बसून वाट पाहणारी ती अठरा वर्षांची मुलगी आता पुरती नटी झाली होती.

दर भागाच्या सुरुवातीला कॅरल साध्या मनानं पुढे यायची, प्रेक्षागृहातले दिवे लावायला सांगायची आणि म्हणायची, विचारा काय विचारायचंय ते. प्रश्न आधी ठरलेले नसायचे. कुणी टारझनची आरोळी मागायचं, कुणी भलताच आगाऊ प्रश्न करायचं. सोंग घेण्याआधी तिनं तिचा खरा चेहरा दाखवलेला असायचा, म्हणून पुढचा तासभर कुठल्याही सोंगातून लोक तिला ओळखत. शेवटी ती आपल्या कानाची पाळी ओढायची. ती आजीसाठीची खूण होती: मी बरी आहे, माझं तुझ्यावर प्रेम आहे. गॅरी मूरच्या आधीपासून, टीव्हीवर पहिल्यांदा आली तेव्हापासून तिनं ही खूण पाळली होती.

१९७६ साली ‘नॅशनल एन्क्वायरर’ या साप्ताहिकानं छापलं की कॅरल वॉशिंग्टनच्या एका रेस्तराँमध्ये दारूच्या नशेत धिंगाणा घालत होती. आई-वडील दारूपायी गमावलेल्या बाईबद्दलचा हा खोटा मजकूर. ती कोर्टात गेली. १९८१ साली ज्यूरीनं तिला सोळा लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. रक्कम पुढे कमी झाली आणि प्रकरण अखेर तडजोडीनं मिटलं, पण प्रसिद्ध व्यक्ती अशा साप्ताहिकांना कोर्टात खेचू शकते आणि जिंकू शकते, हे त्या निकालानं दाखवलं.

कोरमन १९७७ साली बाहेर पडला. वाहिनीला बारावा हंगाम हवा होता. कॅरलनंच थांबायचं ठरवलं, कुणी जा म्हणण्याआधी. त्यानंतर ती ‘ॲनी’ चित्रपटात मिस हॅनिगन झाली, मुलगी कॅरी हिच्यासोबत तिनं स्वतःच्या बालपणावर ‘हॉलीवूड आर्म्स’ हे नाटक लिहिलं. ते रंगमंचावर येण्याआधीच, जानेवारी २००२मध्ये, कॅरी वयाच्या अडतिसाव्या वर्षी गेली. २००५ साली कॅरलला अमेरिकेचं सर्वोच्च नागरी पदक मिळालं, २०१३ साली विनोदासाठीचा मार्क ट्वेन पुरस्कार. २०१९पासून गोल्डन ग्लोबमध्ये टीव्हीवरच्या कारकिर्दीसाठी तिच्या नावानं पुरस्कार दिला जातो. पहिला तिलाच दिला. २०२२ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, ती ‘बेटर कॉल सॉल’ या गुन्हेगारी मालिकेत गंभीर भूमिकेत दिसली आणि एका क्षणात पडदा तिचा झाला. टीना फे आणि एमी पोहलर यांच्या पिढीतल्या विनोदी अभिनेत्री तिला आपली गुरू मानतात.

तिच्या हट्टीपणाची एक जुनी गोष्ट सांगायची राहिली. १९५१ साली विद्यार्थिदशेत ती हॉलीवूड बुलेव्हार्डवरच्या वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपटगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायची. हिचकॉकचा ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ लागला होता. शेवटची पाच-दहा मिनिटं उरली असताना एक जोडपं आलं. कॅरल त्यांना म्हणाली, आता आत जाऊ नका, सगळी गंमत जाईल, पुढचा खेळ बघा. व्यवस्थापकानं तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. पुढे वॉक ऑफ फेमवर तिच्या नावाचा तारा कुठे बसवायचा असं विचारलं गेलं, तेव्हा तिनं त्याच चित्रपटगृहासमोरची जागा मागितली. तारा तिथेच आहे.

शो संपल्यावर जुने भाग वर्षानुवर्षं अर्ध्या तासाचे करून दाखवले गेले. गाणी आणि नाच त्यातून गाळले होते, उरली होती फक्त प्रहसनं. पहिल्या पाच हंगामांतले भाग तर हक्कांच्या गुंत्यात अडकून पडले आणि २०१५च्या सुमाराला लोकांसमोर पुन्हा आले. आता बरंच काही इंटरनेटवर सहज सापडतं. सुरुवात दंतवैद्यापासून करा, मग पडद्याचा झगा बघा, आणि ‘द फॅमिली’ शेवटी ठेवा. युनिस बोलत असताना एकदा आवाज बंद करून फक्त कॅरलचा चेहरा बघा.